दादा, तो आतला चेंडू राहिला

दादा, तुझी राळेची पुरचुंडी, चेंडू निसटू नये म्हणून तू बोटांना लावायचास ती, सध्या माझ्याकडे आहे. क्लबच्या शेडमध्ये खुंटीला लटकत होती, ती आपल्या संघातल्या विमने परवा आणून दिली. हा सहा फुटांहून उंच माणूस दारात अवघडून उभा राहिला आणि म्हणाला, हिचं काय करायचं ते मला कळत नाही, तू बघ. मलाही कळत नाही. माझ्या बायकोने, मानसीने ती स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलीय. सकाळी चहा टाकताना माझा हात आपोआप तिच्याकडे जातो, बोटांना पांढरी पूड लागते, मग मी हात धुतो आणि आइंडहोवनची बस पकडतो.

तुला जाऊन महिनासुद्धा झालेला नाही. इथले लोक फार शहाणे, दुःखाला जागा करून देतात. ऑफिसात सगळ्यांनी विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, माझा मोठा भाऊ. मॅनेजरने लगेच सुट्टी दिली. मग अंत्यविधी इथेच, न्यूनेनजवळ आहे आणि भाऊ कोरियन आहे म्हटल्यावर तो बिचारा गोंधळला. मी खुलासा केला नाही. कुठून सुरुवात करणार होतो?

सुरुवात तुला आठवतेय ना? मी त्या क्लबात आलो तो निव्वळ माजात. पुण्याहून या डच मुलखात येऊन जेमतेम एक हिवाळा काढला होता आणि क्रिकेटवाचून जीव कासावीस झाला होता. ऑफिसात कुणीतरी सांगितलं की न्यूनेनच्या पलीकडे एका मैदानावर बॅट-बॉलचा खेळ चालतो, होंकबाल. इकडे बेसबॉलला तसं म्हणतात. मी चिंचवडच्या कॉलेजचा सलामीचा फलंदाज, मॅटिंगवर भल्याभल्यांना खेळलेला. विमला पहिल्याच संध्याकाळी सांगितलं की तुमचा हा खेळ म्हणजे आमच्या विटीदांडूचा गुबगुबीत चुलतभाऊ, यात अवघड काय आहे? विम हसला, माझ्या हातात बॅट दिली आणि तुझ्याकडे बोट दाखवलं. मातीच्या उंचवट्यावर एक रुंद खांद्यांचा, गप्प माणूस पुरचुंडी हातावर उडवत उभा होता. तू कोण आहेस हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आम्ही क्रिकेटवाले चेंडू सुटायच्या आत यष्ट्यांसमोर सरकतो. ही सवय पायातच असते. तुमच्यात फलंदाजाने आपल्या चौकटीत उभं राहायचं आणि चेंडू शेजारच्या पांढऱ्या पाटीवरून जाऊ द्यायचा. मी सरकलो तो थेट पाटीवर. तू अगदी हलक्या हाताने, पाहुण्याला टाकावा तसा चेंडू टाकला होतास. तरी तो बरगडीवर असा बसला की डोळ्यांसमोर काजवे चमकले.

आता आमच्या मैदानांवरचं शिक्षण असं की लागलं तर चोळायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही, आणि गोलंदाजाकडे तर मुळीच बघायचं नाही. पाठ फिरवायची, चार पावलं टाकायची, काही झालंच नाही अशा थाटात परत यायचं. मी ते सगळं चोख केलं. आणि तिकडे माझ्या पाठीमागे तू टोपी काढून, कमरेत वाकून उभा होतास. तुमच्या कोरियात फलंदाजाला चेंडू लागला की गोलंदाजाने, त्यातून समोरचा वयाने मोठा वाटला तर नक्कीच, टोपी काढून वाकायचं. फलंदाजाने त्याच्याकडे बघून मान हलवायची. मान हलली की विषय संपला, टोपी डोक्यावर, खेळ पुढे चालू. हे मला कसं माहीत असणार? मी पाठ फिरवून होतो आणि तू कितीतरी वेळ वाकलेला होतास. शेवटी विमने हाक मारली तेव्हा मी वळलो, आणि तोवर तू मैदानाबाहेर गेला होतास.

दुसऱ्या दिवशी तू बायकोला घेऊन आमच्या दारात आलास. हातात बाजारातून आणलेली पेअरची पेटी. ह्येरान तुझ्यापुढे एक पाऊल उभी होती, कारण इंग्रजी तिचं. मानसीला वाटलं शेजारच्यांची कुणी चुकलेली माणसं आहेत. तू पुन्हा वाकलास. मी हात झटकून म्हणालो, अरे काही नाही हो, उगाच काय, चूक तर माझीच होती. आणि चांगली दोन-तीनदा मान हलवली. ह्येरानने तुझ्याशी काहीतरी बोलून घेतलं आणि संकोचत मला सांगितलं की तो तुमचा आभारी आहे, पण आमच्यात मान तिथेच हलवायची असते, मैदानावर. दारात हलवलेली धरत नाहीत.

मला तेव्हा हसू आलं होतं. मानसीने मला डोळ्यांनी दटावलं आणि पोहे करायला घेतले. पोहे खाता खाता तू माझं वय विचारलंस. मी सांगितलं, आणि तुझा चेहरा उजळला, कारण तू माझ्याहून मोठा निघालास. आता मी तुला ह्यंग म्हणायचं, म्हणजे थोरला भाऊ, असं तू जाहीर केलंस. मी म्हटलं, आमच्याकडे त्याला दादा म्हणतात. तू तो शब्द तोंडात घोळवून बघितलास, बडीशेप चघळावी तसा, आणि ठेवून घेतलास. त्यानंतर विमपासून क्लबातल्या पोरांपर्यंत सगळे तुला दादाच म्हणायला लागले. दोंगजिन हे नाव ह्येरानपुरतं उरलं.

तू कोरियातला व्यावसायिक खेळाडू होतास हे मला कितीतरी महिन्यांनी कळलं, तेही ह्येरानकडून. ती चिपची यंत्रं बनवणाऱ्यांकडे तिच्या कोरियन कंपनीतर्फे आलेली इंजिनिअर, आणि तू तिच्याबरोबर आलेला नवरा. घर तू सांभाळायचास. घरामागच्या शेडमध्ये किमचीचे डबे लावायचास, आणि आमच्या लोणच्याच्या बरण्यांचा वास तुला सहन होत नाही म्हणून वर तक्रार करायचास. त्या वर्षांत आइंडहोवनच्या फुटबॉल संघात कोरियन खेळाडू होते. त्यामुळे बाजारातली मासेवाली तुला त्यांच्यातलाच कुणी समजायची आणि गुडघा कसा आहे म्हणून विचारायची. तू शांतपणे सांगायचास, बरा आहे. मी म्हणायचो, अरे सांग ना तिला तू कोण होतास ते. तू म्हणायचास, तिने हेरिंग ताजं दिलं, तेवढं पुरे.

खरं काय झालं होतं ते तू मला सायकलवर सांगितलंस. सरावाहून परत येत होतो, वारा तोंडावर होता, आणि तू अर्ध्या इंग्रजीत, थोड्या डचमध्ये आणि एक हात हँडलवरून सोडून बोलत होतास. बंदराच्या गावातली शाळा, शाळेच्या संघातून थेट व्यावसायिक संघात उचललेला मुलगा. आतला चेंडू ही तुझी ओळख होती, म्हणजे फलंदाजाच्या अंगाजवळून, त्याच्या छातीला वारा घालत जाणारा. तो टाकता येतो म्हणून फलंदाज मागे राहतो, आणि मग बाहेरचा चेंडू त्याला पोचत नाही. हे गणित तुला शिकवलं ते तुझ्याच शाळेतल्या एका सीनियरने. त्याच्या बॅगा तू उचलल्या होत्यास, त्याने तुला कितीदा जेवू घातलं होतं. पुढे तो दुसऱ्या संघात गेला आणि एका दुपारी तुझ्यासमोर बॅट घेऊन उभा राहिला. तू त्यानेच शिकवलेला चेंडू टाकलास. तो त्याच्या गालफडावर लागला.

तू टोपी काढून वाकलास. तो जमिनीवर पालथा पडला होता. लोक धावत आले, स्ट्रेचर आलं, त्याला नेलं, आणि तू वाकलेलाच होतास. पंचाने येऊन तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि तुला सरळ केलं. हे सांगताना तू सायकलवर सुद्धा थोडा पुढे झुकला होतास.

इस्पितळात गेलास तर तो झोपला आहे म्हणून तुला दारातून परत पाठवलं. तो बरा झाला, पण खेळ पहिल्यासारखा राहिला नाही, पुढच्या वर्षी त्याने खेळणं सोडलं. आणि तुझा हात आतला चेंडू टाकेना. ठरवून टाकायला जावं तर बोटं आयत्या वेळी बाहेर वळायची. फलंदाजांना असल्या गोष्टी फार लवकर कळतात. ते बिनधास्त पाटीवर ओणवे व्हायला लागले आणि तुझ्या बाहेरच्या चेंडूंच्या चिंध्या करायला लागले. मग दुय्यम संघ, मग एका हिवाळ्यात फोन, की यंदा शिबिराला येऊ नका. तुझी कारकीर्द म्हणजे एवढीच गोष्ट, असं तू म्हणालास. मला राग आला होता, दादा. त्या सीनियरचा, पंचाचा, तुमच्या त्या मान हलवण्याच्या रीतीचा, आणि सगळ्यात जास्त तुझा.

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचो, त्याला फोन कर. सरळ विचार, तुम्ही तेव्हा पाहिलं का, मी वाकलो होतो ते. तू म्हणायचास, धाकट्याने असं विचारायचं नसतं. मी म्हणायचो, तोही माझ्यासारखा सरकला असेल, तू बाहेरचा टाकणार या अंदाजाने पाटीवर आला असेल. या एका वाक्यावर तुझा आवाज चढायचा, एरवी कधी नाही.

"चेंडू माझ्या हातातून सुटला," एवढंच तू म्हणायचास.

मी तुला हट्टी म्हटलं, कोरियन म्हटलं, गाढवही म्हटलं. तू किमचीचा डबा पुढे सरकवायचास. मानसी म्हणायची, तुम्ही दोघं एकमेकांची भाषा धड बोलत नाही आणि तरी इतकं भांडता कसं? तिला काय सांगू, असं भांडायला मला या देशात दुसरं कुणी नव्हतं. ऑफिसात सगळं इतकं समजूतदार चालतं की आवाज चढवायचा तर कुणावर, असा प्रश्न पडायचा. तुझ्यावर चढवता यायचा. त्याचे आभार मानायचे राहून गेले.

शनिवारी तू क्लबातल्या लहान मुलांना शिकवायचास. कुणाला चेंडू लागला की टाकणाऱ्याने टोपी काढून वाकायचं, आणि लागलेल्याने बघून मान हलवायची, हे तू त्यांना सवयीने करायला लावलंस. विमला आधी ते पटलं नव्हतं. तोंडाने सॉरी म्हटलं की झालं, इथे कुणी कुणासमोर वाकत नाही, असं त्याने तुला समजावून पाहिलं. तू हो हो म्हणालास आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच केलंस. मग एका सामन्यात विमच्या स्वतःच्या हातून समोरच्या संघातल्या माणसाच्या खांद्यावर चेंडू बसला, आणि आम्ही बघतोय तर विमने टोपी काढली. वाकताना त्याचं पोट आड आलं, पण वाकला. तू बाकावरून उठून उभा राहिला होतास. त्या दिवशी घरी जाताना तू शीळ वाजवत होतास.

आणि मी? मला मात्र तू कधी आतला चेंडू टाकला नाहीस. मी मुद्दाम पाटीला खेटून उभा राहायचो. म्हणायचो, दादा, टाक एक आत, लागू दे लागला तर, तुझी एक मान माझ्याकडे उधार आहे, मैदानावर फेडू दे. तू हसायचास आणि आणखी बाहेर टाकायचास. इतका बाहेर की बॅट पुरवायला जाऊन मी तोंडावर पडायचो आणि सगळा संघ हसायचा. उन्हाळे गेले. मला तो एक चेंडू हवा होता, दादा. तो आत पडला असता तर तुझी बोटं सुटली असती, असं मला मनापासून वाटायचं. अजूनही वाटतं.

गेल्या शरद ऋतूत तू बारीक व्हायला लागलास. मी चेष्टा केली की ह्येरान तुला उपाशी ठेवते. तुझी पँट पट्ट्याला गोळा झालेली दिसत होती, तरी केली. पोटाचं दुखणं निघालं, आणि ते निघालं तेव्हा बरंच पुढे गेलं होतं. ह्येरान म्हणाली, सोलला जाऊ, तिथे या आजाराचे डॉक्टर चांगले आहेत. तू नको म्हणालास. तिथे सगळे ओळखतील, असं कारण दिलंस. तिथे तुला आता कोण ओळखणार होतं, दादा? पण हे मी बोललो नाही. जे भांडण घालायला हवं होतं ते नेमकं तेव्हा घातलं नाही.

इस्पितळात तुझ्या खिडकीतून लिंडनची झाडं दिसायची, एकही पान न राहिलेली. मी ऑफिसातून परस्पर तिकडे यायचो. मानसीने दिलेल्या मऊ भाताचे तू दोन घास खायचास आणि बाकीचा मला संपवायला लावायचास. एके दिवशी तुझा हात पांघरुणावर होता आणि बोटं चेंडू धरल्यासारखी जुळलेली होती. मी बघतोय हे बघून तू हात लपवला नाहीस.

"वसंतात तुला एक आत टाकतो," तू म्हणालास.

"टाक. पण मी हेल्मेट घालीन हं," मी म्हणालो.

तू हसलास, मग हसण्याने दुखलं म्हणून डोळे मिटलेस. वसंत येणार नाही हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आपण दोघांनीही ते अंगणातल्या पाहुण्यासारखं बाहेरच बसवून ठेवलं. मला तेव्हा तुझा हात धरायचा होता. आमच्याकडे पुरुष असे हात धरत नाहीत, तुमच्याकडेही नसावेत. मी डबा धुवायला बेसिनपाशी गेलो.

तू गेलास त्या सकाळी ह्येरानने आधी आम्हाला फोन केला, मग कोरियात एकेकाला. त्या यादीत तुझा सीनियरही होता. मी तिच्या शेजारी बसलो होतो. ती बराच वेळ बोलत होती आणि पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता, जड, सावकाश. फोन ठेवल्यावर तिने सांगितलं की त्याला वाईट वाटलं, तो रडला, शाळेतल्या तुझ्या आठवणी सांगत होता. मग तिने त्याला विचारलं होतं. तू कधी विचारलं नाहीस, ते तिने विचारलं. तो म्हणाला, त्या दिवसाचं मला काहीच आठवत नाही. मी त्या सामन्याला गेलो हेसुद्धा नाही. चेंडू कुणी टाकला ते नंतर लोकांनी सांगितलं, आणि मी म्हटलं, खेळात असं व्हायचंच.

दादा, तू इतकी वर्षं ज्याच्यासमोर वाकून उभा होतास तो माणूस तिथे नव्हताच. कुणी मान हलवायचं नाकारलं नव्हतं, हलवणाऱ्याची आठवणच पुसली गेली होती. आपल्या भांडणात तू बरोबर की मी, ते आता कुणी ठरवू शकत नाही. मी तिथे ह्येरानच्या स्वयंपाकघरात बसून रडलो, आणि ती माझी समजूत काढत बसली, जे उलट व्हायला हवं होतं.

इथला अंत्यविधी कसा असतो ते तुला माहीत आहे. ठरलेली वेळ, ठरलेलं संगीत, नंतर कॉफी आणि केकचा एक तुकडा. ह्येरानला ते सहन होईना. तुमच्यात आलेल्या माणसाला तिखटजाळ मांसाचं सूप पाजल्याशिवाय पाठवत नाहीत. मग ते क्लबच्या कँटीनमध्ये ठेवलं. ती आणि मानसी आदल्या दिवशी आमच्याच घरी मोठ्या पातेल्यात ते करत होत्या, आणि मानसीने तिला न विचारता त्यात थोडा गोडा मसाला टाकला. ह्येरानने चव घेतली आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. तुला सांगायचं म्हणून सांगतो, विम आणि मंडळींच्या नाकाडोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्यातल्या किती सुपाच्या हे कळायला मार्ग नव्हता.

पण ते नंतर. आधी दहनगृहात तुझ्या पेटीपाशी तुझा फोटो ठेवला होता. जुन्या संघाचे फोटो ह्येरानने काढून पाहिले आणि परत ठेवून दिले. तिने आपल्या मैदानावरचा निवडला, विमने काढलेला. तू उंचवट्यावर उभा आहेस, उन्हाने डोळे बारीक झालेत, घाम पुसायला टोपी काढलीयेस आणि ती हातात आहे. इथे लोक एकेक करून पेटीपाशी जातात, क्षणभर थांबतात, पुढे सरकतात. क्लबातले सगळे टोप्या घालून आले होते, आपसात काय ठरलं होतं देव जाणे. एकेकाने तुझ्यासमोर येऊन टोपी काढली आणि कमरेत वाकला. विम वाकला तो बराच वेळ उठला नाही. तुझी शनिवारची मुलंही वाकली, तू शिकवलं होतंस तशी, पाठ सरळ ठेवून.

माझी पाळी आली. माझ्याही डोक्यावर टोपी होती आणि हात तिच्याकडे गेला होता. मग समोर बघितलं. तू टोपी हातात घेऊन माझ्याकडे बघत उभा होतास, पहिल्या संध्याकाळी उभा असशील तसाच, जो मी पाहिला नाही. मी हात खाली घेतला. वाकायचं काम माझं नव्हतंच, दादा. चेंडू मला लागला होता. आणि तो लागल्याचं ज्याला आठवतंय असा तुझा आता एकच फलंदाज उरलाय. मैदान नव्हतं हे मला कळतं, दारातली धरत नाहीत हेही लक्षात आहे. पण तुझी सगळी टीम तिथे होती, आणि पाठ फिरवायला या वेळी माझ्याकडे काही कारण नव्हतं.

मी तुझ्या डोळ्यांत बघितलं आणि मान हलवली. झालं, दादा. आता सरळ उभा राहा.